जीपचं नाक

११ जानेवारी
जीप हौसेने घेतलेली नाही, हे आधी लिहून ठेवतो. वाडीत उलटंच बोललं जातंय. म्हणे आत्मारामला म्हातारपणी चाळे सुचले.

ऋतिका आमची एकुलती एक. खेडला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आहे आणि ती मी मोडणार नाही. पण आमची वाडी डोंगरात. देवरूखहून येणारी एसटी खाली फाट्यावर थांबते. तिथून वर यायला घाटी, म्हणजे नुसते जांभ्याचे धोंडे आणि मधे मधे उघडा कातळ. रुग्णवाहिकासुद्धा फाट्यावर थांबते आणि फोन करते, पेशंटला खाली आणा. माझ्या पोरीला डोलीत घालून खाली नेऊ काय? म्हणून चारी चाकं ओढणारी जीप घेतली, जुनीच. सातवा भरला की फेब्रुवारीअखेर तिला खेडहून आणायची आणि एप्रिलात वेळ आली की देवरूखला दवाखान्यात न्यायची. एसटीत एकोणतीस वर्षं स्टेअरिंग धरलं, एक अपघात नाही. मला ही घाटी म्हणजे काय?

तर आज बायको म्हणते, "माझी लेक मी या गाडीत घालायची नाही."
"का?"
"नाय म्हणजे नाय. होऊ दे बाळंतपण खेडलाच. मी तिकडे जाईन."

आनंदीने एकदा नाय म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी हो होत नाही.

१२ जानेवारी
रात्री विचार केला. तिचं हे दत्तजयंतीपासून सुरू झालं. त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही घाटी उतरत होतो आणि डावं चाक कडेवरून खाली गेलं. गेलं तसं मी परत वरही आणलं. कोणी दुसरा असता तर आणू शकला असता काय? पण तेव्हापासून ती या गाडीत पाय ठेवत नाही.

सकाळी चहा पिताना गोडीत विचारलं, "तुला तेव्हा नेमकं वाटलं काय?"
ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाटलं, पुढे पडतोय आपण."

सापडलं! जीपचं नाक खाली आहे. मागून उंच, पुढून वाकलेली. म्हणून उतारावर माणूस सीटवरून पुढे घसरतो. आणि नाक खाली म्हणून लाइटही चाकापुढे पडतात, लांब पोचतच नाहीत. संध्याकाळी मला पुढचं धड दिसत नाही ते उगाच काय? नाक उचललं की दोन्ही दुखणी बरी. परवा देवरूखला, मेकॅनिक काशीरामकडे.

१४ जानेवारी
काशीरामचं गॅरेज देवरूखला, बाजाराच्या टोकाला. पोरगा हुशार आहे पण बोलतो फार. त्याने मला चकत्या दाखवल्या. जाड कडं असतं, ते पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर बसवायचं, टोपी घातल्यासारखं. तेवढी गाडी पुढून वर येते. रबराची दबते, लोखंडाची पावसाळ्यात गंजते, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची घ्या म्हणाला. जाडी वीस, तीस, चाळीस मिलिमीटर.

"चाळीसची घाल," मी म्हटलं. "खाणाऱ्याने पोटभर खावं."
"तसं नसतं काका. चकती विसाची असली तरी गाडी वीसच उचलत नाही, जवळजवळ दुप्पट उचलते. आणि जास्त उचलली की आसाचे रबर फाटतात, स्टेअरिंग थरथरतं. आधी माप घेऊ. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेप लावला की झालं."
"टेप लावून माप घेतात ते शिंपी," मी म्हटलं. "मी घरी पाण्याच्या नळीने घेतो. पाणी खोटं बोलत नाही."
तो हसला. हसू दे.

घरी आलो तर तिळगूळ होता. आनंदीने तांदूळ निवडायला पुढ्यात ठेवले. हल्ली हे नवीनच काढलंय तिने. परवा सुई ओवून द्या, काल आलेल्या पत्रिकेवर मुहूर्त किती वाजताचा ते वाचा, आज तांदूळ. मी सूप दोनदा पाहिलं, एक खडा नाही. जेवताना दाताखाली तीन आले. गिरणीवाला धड पाखडत नाही.

१६ जानेवारी
माप घेतलं. गवंडी लोक पाया काढताना वापरतात ती पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं. गाडी घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, नेहमीच्या जागी, तोंड रस्त्याकडे. नळीचं एक टोक पुढच्या बंपरला, एक मागच्या. आनंदीने मागचं धरलं, कुरकुर करत. पाणी स्थिर झाल्यावर टेप लावला. या नव्या टेपांवर आकडे इतके बारीक छापतात की कंपनीवाल्यांना उन्हात उभं करावं. शेवटी आनंदीने वाचले. फरक निघाला आठ सेंटीमीटर! चांगली चार बोटं. एवढी वाकलेली गाडी मी चालवत होतो, मला पदक द्यायला हवं.

दुपटीचा हिशोब धरला तर चकती चाळीसचीच लागते. मी काय म्हणालो होतो?

मापाच्या मधेच बाबल्या आला. हा आमच्या वाडीचा वडापवाला, चाळिशीचा. पॅसेंजर कोंबतो आणि गाडी अशी हाकतो जसा गाळात रेडा. म्हणतो, "काका, जीपचं लग्न ठरलं काय? मापं घेताव ती?" मी त्याला उत्तर दिलं नाही. आनंदी मात्र त्याला आत नेऊन चहा देत बसली. दोघं हळू आवाजात काय बोलत होती कोण जाणे. तिला कोणाशी बोलावं याचा पाचपोच नाही.

२३ जानेवारी
आज चाळीसच्या चकत्या बसल्या. काशीराम शेवटपर्यंत "काका, मी एकदा मापतो" करत होता. मी म्हटलं, तू जन्मला नव्हतास तेव्हा मी आंबा घाटात गाडी घातलेली आहे.

बसवून झाल्यावर गाडी खाली उतरवली आणि बघतो तर काय, नाक आभाळात! बसलेल्या बेडकासारखी दिसायला लागली. काशीराम कमरेवर हात ठेवून उभा.
"तुझ्या गॅरेजची जमीन वाकडी आहे," मी म्हटलं.
"नाचता येईना, अंगण वाकडं," तो म्हणाला.
उचलली जीभ लावली टाळ्याला! मी निघून आलो.

घरी खळ्यात जागेवर लावली, परत नळी लावली. पुढचं पाणी, मागचं पाणी, अगदी एक! आनंदीला दोनदा विचारलं, ती म्हणाली, "हो, सारखं आहे." मी काशीरामला तिथूनच फोन लावून ऐकवलं. मग तिला म्हटलं, "चल आता, फाट्यापर्यंत एक फेरी मारू. नाक सरळ झालं."
"माझी कामं पडलीत," ती म्हणाली, आणि आत गेली. तिची कुठलीही कामं पडलेली नव्हती.

२७ जानेवारी
तीन दिवस गाडी नीट चालत नाही. सपाट रस्त्यावरसुद्धा स्टेअरिंग थरथरतं. संध्याकाळी लाइट लावले तर रस्त्यावर काळोख आणि आंब्याच्या शेंड्यावर उजेड. वटवाघळांना दिवाळी. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला डोळे मिचकावल्यासारखे लाइट मारतो आणि आईवरून शिव्या घालतो. त्यांचेही लाइट असले पांढरेफेक निघालेत की एकाचे चार होतात, भोवती मोठी कडी दिसतात. सरकारने बंदी घालायला हवी.

ऋतिकाचा फोन होता. "बाबा, आई म्हणते यंदा खेडलाच." माझा आवाज चढला. मी म्हटलं, तुला मी आणणार म्हणजे आणणार.  ती हळूच म्हणाली, "मलाही यायचंय हो. तिकडच्या ओटीवर पडून राहायचंय नुसतं. पण आईचं ऐका." फोन ठेवल्यावर मी गोठ्यात जाऊन उगाच दावी नीट बांधत बसलो.

३० जानेवारी
कोणाला सांगू नये अशी गोष्ट झाली आहे, म्हणून इथे लिहितो.

आज जीप धुवायला काढली. खळ्यात जागेवरच. बादल्या मागून ओतल्या, मागच्या काचेवर, मागच्या चाकांवर. आणि सगळं पाणी कसं, शहाण्यासारखं रांगेत, गाडीखालून निघालं आणि पुढच्या चाकांकडून दगडी गडग्याच्या भोकातून बाहेर. दुसरी बादली ओतली. परत तेच.

मी उभाच राहिलो. हे खळं मी स्वतः बांधलेलं आहे. गवंड्याच्या मागे उभं राहून मीच त्याला बजावलं होतं, बाबा रे, रस्त्याकडे उतार दे, नाहीतर पावसाचं पाणी ओटीवर येईल. कोकणात सपाट खळं कोण मूर्ख बांधतो? आणि त्या उतारावर गाडी तोंड खाली करून उभी केली आणि पाण्याच्या नळीने मापली. पाणी खोटं बोलत नाही म्हणे! पाण्याने खळ्याचा उतार मापला आणि मी तो जीपच्या नावावर टाकला. टेप चाकापासून कमानीपर्यंत लावला असता, शिंप्यासारखा, तर उतार असो नाहीतर डोंगर, माप चुकलं नसतं.

काशीरामने जी म्हण ऐकवली तीत माणसाला नाचता येत नसतं. माझं तर अंगणही वाकडं निघालं.

आनंदी दारातून बघत होती. तिला कळलं. पदर तोंडाला लावून आत पळाली. आतून बराच वेळ आवाज येत होता.

३ फेब्रुवारी
नाक मुठीत धरून काशीरामकडे गेलो. तो एक शब्दही बोलला नाही, तेच जास्त लागलं. टेप लावून मापलं, मूळचा खरा फरक चारच सेंटीमीटर, बाकीचे चार खळ्याच्या उताराचे. विसाच्या चकत्या घातल्या, चाकांचं अलाइनमेंट केलं, भिंतीसमोर उभी करून लाइटही जुळवले. गाडी आता अशी उभी राहिली की पाटावर बसलेली वाटते. स्टेअरिंग लोण्यासारखं.

"लाइट बघून घे नीट," मी त्याला म्हटलं. "लांब जायला हवेत. सगळं त्याच्यावर आहे."
"काका, कंपनीतून निघताना असतात तसे आहेत. काही कमी नाही."

उद्या आनंदीला दाखवतो. आता तिने नाही म्हणून दाखवावं.

४ फेब्रुवारी
दिवेलागणीला जीप खळ्यात उलटी लावली, तोंड फणसाकडे. इंजिन सुरू, लाइट पूर्ण. आनंदीला हाक मारली. ती हात पुसत आली, माझ्या शेजारी उभी राहिली.

"बघ," मी म्हटलं. "बघ कसा उजेड पोचतो. फणसाच्याही पलीकडे. आता सांग घाटीची भीती."
"पोचतो खरा," ती म्हणाली. मग म्हणाली, "फणसाखाली कोण उभं आहे हो?"
मी बघितलं. फणस दिसला. उजेड दिसला.
"कोण नाही."
"नीट बघा."
"अगो कोण नाही म्हणतोय ना!"
"बाबल्या आहे," ती म्हणाली. "मघापासून हात करतोय."

मी तिकडे चालत गेलो. पाचेक पावलांवर आल्यावर उजेडातून एक माणूस तयार झाला. पांढरा शर्ट, दोन्ही हात वर. बाबल्या. हसत नव्हता.
"काका," तो म्हणाला, "मी हितंच हाय."

मी परत आलो आणि इंजिन बंद केलं.  

५ फेब्रुवारी
लाइट चांगले आहेत. गाडी सरळ आहे. टेपचे आकडेही मोठेच असतील.

दत्तजयंतीला मला कड दिसलीच नव्हती. मला वाटलं होतं तिथे रस्ता आहे. भीती वाटते लिहायला, पण वाटते. त्या सीटवर आनंदी बसली होती. उद्या ऋतिका बसली असती, पोटात बाळ घेऊन, आणि मी तिला सांगत असतो, घाबरू नको, एकोणतीस वर्षं.

सकाळी आनंदीला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"
"तुम्ही शेजारच्या चिमावहिनी समजून खांबाला नमस्कार केलात तेव्हापासून."
"मग सरळ सांगायचंस!"
"दोनदा सांगितलं. दोनदा ताट आपटलंत. म्हटलं, आधी गाडीतला सगळा दोष संपू दे, मग उरेल तो दिसेल."

९ फेब्रुवारी
एसटीने रत्नागिरीला गेलो. खिडकीत ती, कडेला मी. डॉक्टरीणबाई लहान पोर आहे, पण रोखठोक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलाय. म्हणाली, "आजोबा, गाडी चालवत नाही ना तुम्ही?" आनंदी छताकडे बघायला लागली. मी म्हटलं, आजपासून नाही.

ऑपरेशन शिमगा झाल्यावर. घाबरण्यासारखं काही नाही, नंतर स्वच्छ दिसेल म्हणाली. येताना आनंदीने स्टँडवर भजी घेतली आणि मला जास्त दिली. बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

१० फेब्रुवारी
बाबल्याकडे जाणं म्हणजे काय ते मलाच माहीत. अर्ध्या वाटेतून दोनदा परत फिरलो. शेवटी त्याच्या पडवीत उभा राहिलो आणि एका दमात बोलून टाकलं, की पोरीला खेडहून आणायचीय, पुढे दवाखान्यात न्यायचीय, जीप माझी, हात तुझे, जमेल काय?

तो म्हणाला, "काकी पौषातच सांगून गेली. एप्रिलात रात्री फोन चालू ठेव म्हणाली. मी तर म्हावरं आणायला हर्णैलासुद्धा जायचो नाय त्या महिन्यात, ठरलंय आमचं." मग म्हणाला, "पन काका, ती बोलली, तुमी स्वतः आल्याबिगर मी आपनहून बोलायचं नाय."

दोघांनी मिळून मला पोहायला सोडला होता आणि काठावर बसून होती. राग यायला हवा होता. आला नाही. चावी त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, तिसऱ्या गियरला जरा अडकते, दामटू नको.

२७ फेब्रुवारी
ऋतिका आली! बाबल्या पुढे, त्याच्या शेजारी ती, मागे आम्ही दोघं. हो, आनंदीही बसली. फाट्यापासून घाटी चढलो. मी प्रत्येक वळणाला सूचना दिल्या, बाबल्याने एकही ऐकली नाही, आणि चालवली बरी. चांगली चालवली. लिहितो, चांगली चालवली.

मधे घाटीत एक उतार आहे, तिथे आधी माणूस सीटवरून घसरून डॅशबोर्डला टेकायचा. ऋतिका पोटावर हात ठेवून बसली होती, जागची हलली नाही. म्हणाली, "बाबा, गाडी किती छान आहे ओ बसायला. घरच्या खुर्चीसारखी." मी काशीरामला फोन लावून हे सांगितलं. तो म्हणाला, काका, चकती विसाची. मी म्हटलं, हो रे बाबा, विसाची.

घरी आल्यावर पोरगी ओटीवर आडवी झाली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी दोनदा जाऊन पाहून आलो.

१८ मार्च
काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. लिहा-वाचायला बंदी आहे, म्हणून मी सांगतो आणि आनंदी लिहिते.

मला अजिबात दुखलं नाही. (रात्रभर कण्हत होते.) डॉक्टरीणबाईंनी माझ्या धीराचं कौतुक केलं. (नाही केलं.) आज पट्टी काढली. सगळं निळसर आणि लखलखीत दिसतं. घराच्या भिंती इतक्या मळल्या आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (चुना आणून देतो म्हणालेत. लिहून ठेवते.) आनंदीचे केस एवढे पिकलेत हेही मला माहीत नव्हतं. तिला तसं म्हटलं तर ती म्हणाली, तुम्हाला दिसत नव्हते तेच बरं होतं. ती चांगली दिसते. हे लिही. (लिहिलं.)

मागची पानं मी वाचलेली नाहीत. म्हणजे थोडी वाचली. मला पाचपोच नाही असं एका ठिकाणी आहे. ते बघते मी. — आनंदी

१६ एप्रिल
आता माझा मीच लिहितो. पहाटे ऋतिकाला कळा सुरू झाल्या. आनंदीने फोन करायच्या आधी बाबल्या खळ्यात हजर, शर्टाची बटणं लावत. कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाला, तुमच्या घरात दिवे लागलेले दिसले. घाटी अशी उतरला की पोरीला धक्का नाही. मी तोंडातून ब्र काढला नाही, देवाचं नाव सोडून.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. बाबल्याने पाण्याची बाटली दिली आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.

२० एप्रिल
आज नातीला घरी आणलं. ऋतिका पुढे बसली, उशीला टेकून. मागे आनंदी, मांडीवर बाळ, आणि शेजारी मी. फाट्यावर जीप थांबली, बाबल्याने चारी चाकांचा दांडा टाकला. वर घाटी.

आनंदी एकदम म्हणाली, "धरा हिला."
"मी? इथे? घाटीत?"
"माझे हात भरून आलेत."

दोन हंडे घेऊन विहिरीवरून चढणारी बाई. हात भरून आले म्हणे. मी दोन्ही हात पुढे केले. तिने बाळ माझ्या हातांत ठेवलं, दुपटं नीट केलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघायला लागली, अगदी निवांत.

पोरीचं वजन ते काय. झोपलेली होती. कानाच्या पाळीवर इतकी बारीक सोनेरी लव आहे, अजून कोणाच्या लक्षातसुद्धा आली नसेल.

गाडी चढायला लागली. अर्ध्या घाटीत बाबल्याने वेग कमी केला. "काका," तो म्हणाला, "पुढं मोठा धोंडा निसटून आलाय. डावीकडून काढू की उजवीकडून?"

"तुला दिसतोय ना?" मी म्हटलं. "मग काढ कुठूनही."

त्याने कुठून काढली ते मला माहीत नाही. मी रस्त्याकडे पाहिलंच नाही.